गासाकची बाटली आणि विलवेराकचे बागायतदार

फ्रान्समधील वाइनच्या साध्या दुकानांत 'मुलँ द गासाक' या नावाने विकली जाणारी 'गिलेम' नावाची एक तांबडी वाइन आढळते. दक्षिणेकडील एरो जिल्ह्यात सिरा, ग्रनाश आणि कारिन्याँ या तीन जातींच्या द्राक्षांपासून ती तयार होते. पिकल्या काळ्या फळांचा स्वाद, मागाहून किंचित मिऱ्याचा तिखटपणा, आणि जेवणाबरोबर प्यावी अशी हलकी तुरट चव. यापलीकडे तिचा कसला दावा नाही. तिच्यामागे 'मास द दोमास गासाक' या प्रसिद्ध इस्टेटीचे नाव उभे आहे. त्या इस्टेटीची स्वतःची मोठी वाइन घ्यावयाची, तर एका बाटलीच्या पैशांत गिलेमच्या चार-पाच बाटल्या सहज येतात. थोड्या पैशांत मोठ्या घराण्याचा प्रसाद मिळतो, असे म्हणून वाइनविषयी लिहिणारे पत्रकार तिची शिफारस करतात. ती शिफारस खोटी नाही. वाइन खरोखरच चांगली आहे. परंतु स्वस्त वस्तू चांगली निघाली म्हणजे तिच्या स्वस्ताईचा हिशेब विचारण्याचे काही कारण उरत नाही, असा जो एक समज ग्राहकांत रूढ आहे, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

दारूबंदीच्या संस्कारात वाढलेल्या कार्यकर्त्याला वाइनच्या बाटलीवर एवढा विचार खर्च करणे विचित्र वाटेल. त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की दक्षिण फ्रान्समध्ये वाइन हा श्रीमंतांचा शौक म्हणून वाढलेला धंदा नव्हे. तेथे कामगाराच्या शिदोरीत पावाच्या शेजारी वाइन असे. 1960च्या सुमारास फ्रान्समध्ये दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन प्याली जात होती. आज हे प्रमाण त्याच्या निम्मेही राहिलेले नाही. ही घट आरोग्याच्या दृष्टीने इष्टच म्हणावी लागेल. पण तिचा भार पडला तो लांगदोक या प्रदेशावर, म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या त्या मैदानावर, जेथे शतकभर हजारो लहान बागायतदार कामगारांसाठी स्वस्त वाइन पिकवीत आले होते. गिलेमची बाटली याच मैदानातून येते, आणि म्हणून तिची कथा केवळ एका इस्टेटीची कथा म्हणून सांगता येत नाही.

तरीही आरंभ इस्टेटीपासूनच करावयास हवा, कारण ती कथा मनोवेधक आहे. माँपेलिए शहराच्या वायव्येस आनियान नावाचे जुने गाव आहे. त्याच्या शिवारात गासाक नावाचा एक ओढा वाहतो. 'मास' म्हणजे त्या भागातील बोलीत शेतवाडी. दोमास हे तिच्या पूर्वीच्या मालकांचे आडनाव. 1970च्या सुमारास एमे गिबेर आणि वेरोनिक गिबेर या दांपत्याने ही वाडी विकत घेतली. एमे गिबेर हे मियो गावच्या चामड्याच्या आणि हातमोज्यांच्या धंद्यातील कारखानदार. वेरोनिक या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. वाइनचा धंदा करावा असा त्यांचा मूळ बेत नव्हता. बोर्डोचे भूगोलज्ञ आँरी आंजालबेर यांनी तेथील माती पाहिली आणि हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेली ही तांबडी, भुसभुशीत, निचऱ्याची माती असाधारण असल्याचा निर्वाळा दिला. ओढ्यामुळे रात्रीची हवाही थंड राही. मग बोर्डोकडील जुन्या वेलींच्या काड्या आणून कॅबर्ने सोव्हिन्याँ या जातीची लागवड झाली. 1978 साली पहिली वाइन निघाली तेव्हा मार्गदर्शनास होते एमिल पेनो, बोर्डोतील त्या काळचे सर्वांत नामांकित वाइनतज्ज्ञ. 1982 साली 'गो-मियो' या मार्गदर्शिकेने या वाइनची तुलना थेट बोर्डोच्या शातो लाफीतशी केली, आणि गासाकचे नाव जगभर झाले.

या यशातील एक गोष्ट कोणत्याही पुरोगामी वाचकाला आवडावी अशी आहे. फ्रान्समध्ये वाइनच्या प्रतिष्ठेची एक उतरंड कायद्याने ठरविलेली आहे. 1935 पासून चालत आलेल्या नियंत्रित नामाभिधानाच्या व्यवस्थेत कोणत्या शिवारात कोणती जात लावावी, किती उत्पादन काढावे, हे सारे बांधून दिलेले असते. लांगदोकमध्ये कॅबर्नेवर आधारलेल्या वाइनला या उतरंडीत वरची जागा नव्हती. म्हणून गासाकची पहिली वाइन कायद्याच्या दृष्टीने साधी 'टेबल वाइन' होती, आणि पुढेही ती 'एरो जिल्ह्याची देशी वाइन' एवढ्याच बिरुदावर विकली गेली. कुलीनतेचा दाखला नसलेली बाटली दाखलेवाल्यांच्या पंक्तीत जाऊन बसली, आणि सरकारी शिक्क्यापेक्षा जमीन व मेहनत यांना मोल आहे हे तिने दाखवून दिले.

मात्र तिच्याभोवती जी दंतकथा रचली गेली, तिच्यात अनेक गोष्टी गाळल्या जातात. एक उद्योजक आला, त्याला माती सापडली, आणि ओसाड प्रदेशात नंदनवन फुलले, असे ती कथा सुचविते. प्रदेश ओसाड मुळीच नव्हता. आनियानच्या भोवती शतकानुशतके द्राक्षे पिकत होती. फरक इतकाच होता की येथील बागायतदाराला पहिली बाटली निघेपर्यंत सात-आठ वर्षे थांबण्याइतके भांडवल नव्हते, आणि बोर्डोचे प्राध्यापक त्याच्या बांधावर येत नव्हते. मातीचा शोध लागण्यासाठी माती असावी लागते हे खरे. पण शोध परवडावाही लागतो. गिबेर यांची दृष्टी आणि चिकाटी यांविषयी आदर बाळगूनही हे नमूद करणे भाग आहे.

लांगदोकच्या लहान बागायतदाराला ही उसंत का नव्हती, याचे उत्तर त्या प्रदेशाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेल्वे आली आणि पॅरिस व उत्तरेकडील खाणी-गिरण्यांची बाजारपेठ दक्षिणेला खुली झाली. गव्हाची शेते आणि ऑलिव्हच्या बागा मोडून सखल जमिनीवर आरामों जातीच्या वेली लावल्या गेल्या. आरामोंला घड भरघोस लागतात, वाइन मात्र पाणचट निघते. मग फिलोक्सेरा नावाची मुळे कुरतडणारी सूक्ष्म कीड आली. 1863 साली ती शेजारच्या गार जिल्ह्यात प्रथम आढळली आणि पुढील वीस वर्षांत तिने दक्षिणेचे सारे मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन खुंटावर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पण त्यासाठी कर्जे काढावी लागली, आणि मधल्या काळात व्यापाऱ्यांनी वाइनची टंचाई भरून काढण्याच्या नाना युक्त्या शोधल्या होत्या. वसाहत म्हणून ताब्यात असलेल्या अल्जीरियातून वाइन येऊ लागली. 1903 साली साखरेवरील कर घटल्यावर चोथ्यात साखर आणि पाणी घालून 'वाइन' करणे अधिकच किफायतशीर झाले. द्राक्षे पिकविणाऱ्याला खऱ्या वाइनचा उत्पादनखर्चही सुटेना.

1907 साली या साऱ्याचा स्फोट झाला. 11 मार्च रोजी आर्जलिए या खेड्यातील सत्याऐंशी बागायतदार मार्सलँ आल्बेर यांच्यामागे नार्बोनला चालत गेले आणि संसदीय समितीपुढे त्यांनी गाऱ्हाणे मांडले. आल्बेर हे छोटे बागायतदार आणि गावातील कॅफेचे चालक. त्यानंतर दर रविवारी एकेका शहरात सभा होऊ लागल्या आणि गर्दी आठवड्यागणिक वाढत गेली. 9 जून रोजी माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक माणसे जमली. मालक आणि मजूर, रिपब्लिकन आणि राजनिष्ठ, धर्मनिष्ठ आणि धर्मविरोधी, असे सर्व एका फलकाखाली आले. या एकीविषयी तत्कालीन समाजवाद्यांच्या मनात शंका होती, आणि ती अनाठायी नव्हती. कारण 1904 सालीच याच मळ्यांत मजुरांनी मजुरीसाठी मालकांविरुद्ध संप केले होते. नार्बोनचे समाजवादी महापौर एर्नेस्त फेरुल यांनी मात्र आंदोलनाची बाजू घेतली, नगरपालिकेचा राजीनामा दिला, आणि त्यांना अटक झाली. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठविले. 19 आणि 20 जून या दोन दिवशी नार्बोनमध्ये झालेल्या गोळीबारात सहा माणसे मेली. ती बातमी ऐकून सतराव्या पायदळ पलटणीच्या सुमारे पाचशे शिपायांनी, जे बहुतेक याच मुलखातील शेतकऱ्यांची मुले होते, बंड पुकारले आणि आग्दहून ते बेझिएला चालत गेले.

क्लेमांसो यांनी हे आंदोलन कसे मोडले, तेही सांगण्याजोगे आहे. मार्सलँ आल्बेर चोरून पॅरिसला गेले आणि त्यांनी पंतप्रधानांची भेट घेतली. क्लेमांसो यांनी त्यांना परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली, आणि नंतर ती गोष्ट वर्तमानपत्रांना सांगितली. लाखोंचा पुढारी एका नोटेने संपला. गावच्या लोकांनी त्यांच्यावर विकले गेल्याचा आळ घेतला. माणूस प्रामाणिक होता, पण राजकारणात भोळा होता. शंभर फ्रँकपेक्षा आंदोलनाला अधिक महाग पडला तो हा भोळेपणा. तरी 29 जून 1907 चा भेसळविरोधी कायदा याच लढ्याने मिळवून दिला, आणि फ्रान्समध्ये 'वाइन' या शब्दाला कायदेशीर अर्थ राहिला तो बऱ्याच अंशी या बागायतदारांमुळे. उंची बोर्डो पिणाऱ्यांनीही हे ऋण मानावयास हरकत नाही.

लढ्याच्या आधीच, बेझिएजवळच्या मारोसाँ या गावी, याच प्रश्नाचे दुसरे उत्तर शोधले गेले होते. 1901 च्या डिसेंबरात एली कातला यांच्या पुढाकाराने तेथील लहान बागायतदारांनी 'स्वतंत्र द्राक्षउत्पादक' या नावाची सहकारी संस्था काढली. यांतील कित्येकजण इतके लहान मालक होते की स्वतःची बाग सांभाळून मोठ्या मळ्यांवर मजुरीलाही जात. त्यांची कल्पना साधी होती. व्यापाऱ्याला वाइन विकावयाची नाही. सर्वांची वाइन एकत्र करून ती पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना थेट पाठवावयाची. पिकविणारा श्रमिक आणि पिणारा श्रमिक यांच्यामध्ये कोणी नको. 1905 साली त्यांनी स्वतःची सामायिक वायनरी बांधली. ती फ्रान्समधील पहिली सहकारी वायनरी मानली जाते. तिच्या दर्शनी भिंतीवर 'सर्व प्रत्येकासाठी, प्रत्येक सर्वांसाठी' असे ब्रीद कोरलेले आहे. त्याच वर्षी जाँ जोरेस तेथे आले आणि आपल्या 'लुमानिते' पत्रात त्यांनी या प्रयोगाचे कौतुक केले. जोरेस यांना याची ओढ असणे स्वाभाविक होते. कार्मोच्या संपानंतर कामावरून काढलेल्या काचकामगारांनी 1896 साली आल्बी येथे स्वतःचा बाटल्यांचा कारखाना काढला, तेव्हाही ते त्यांच्या पाठीशी उभे होते.

मारोसाँच्या संस्थेत एक गोष्ट अशी होती की जी पुढे इतरत्र टिकली नाही. गिऱ्हाईक कोण, हे पिकविणाऱ्याला माहीत होते, आणि वाइन कोणाची, हे पिणाऱ्याला माहीत होते. पुढील अर्धशतकात लांगदोकच्या गावोगावी सहकारी वायनऱ्या उभ्या राहिल्या. त्यांनी लहान बागायतदाराला जगविले, हे निःसंशय. ज्याच्याजवळ द्राक्षे चिरडण्याचे यंत्र किंवा वाइन साठविण्याची टाकी घेण्याइतके पैसे नव्हते, त्याला तोडणीच्याच दिवसांत व्यापारी देईल त्या भावाने माल विकावा लागे. संस्थेमुळे ती सक्ती संपली. परंतु विक्री हळूहळू पुन्हा व्यापाऱ्याकडेच गेली. वाइन टँकरने जाऊ लागली, आणि तिचा भाव ठरू लागला तो मद्यार्काच्या अंशावर आणि हेक्टोलिटरवर. बागायतदाराने मग सखल जमिनीत भरपूर पीक काढावे, उंच खडकाळ जमिनीतील जुनी, कमी उत्पन्नाची बाग हयगयीत टाकावी, हेच त्या भावाने त्याला शिकविले. उसाचे टनेज आणि साखरेचा उतारा यांची बोलणी ज्याने ऐकली आहेत, त्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगावयास नको.

वाइनचा खप घसरू लागला तेव्हा या व्यवस्थेचे दोष उघडे पडले. इटलीहून येणाऱ्या स्वस्त वाइनविरुद्ध 1970च्या दशकात पुन्हा रस्ते अडविले गेले. 4 मार्च 1976 रोजी माँत्रदों येथे बागायतदार आणि पोलीस यांच्यात गोळीबार होऊन दोन्ही बाजूंचा एकेक माणूस ठार झाला: एक द्राक्ष पिकविणारा आणि एक पोलीस अधिकारी. सरकारने आणि पुढे युरोपीय समुदायाने जो उपाय काढला, तो बागा उपटण्याचा. 1988 पासून वेली मुळासकट काढून टाकणाऱ्याला भरघोस मोबदला मिळू लागला. लांगदोकमधील द्राक्षक्षेत्र गेल्या अर्ध्या शतकात सुमारे निम्म्यावर आले. म्हातारा बागायतदार, शहरात गेलेला मुलगा, आणि ब्रसेल्सहून येणारा धनादेश अशी ही गणिताची मांडणी होती. या गणितात सर्वांत आधी उपटली गेली ती उंचावरची जुनी बाग, कारण तिचे उत्पन्न कमी आणि तिच्यात राबावे अधिक लागे. चांगली वाइन मात्र त्याच बागेतून येत असते. जुन्या वेलीची मुळे खोल जातात, घड थोडे व लहान येतात, रस गाढ असतो. सरकारी पैशाने सरकारने स्वतःचाच उत्तम माल नष्ट करविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या ठिकाणी एमे गिबेर पुन्हा कथेत येतात, आणि या वेळी त्यांची भूमिका अधिक महत्त्वाची आहे. समुद्राकाठच्या तो सरोवराजवळ विलवेराक हे गाव आहे. तेथे सहकारी वायनरी होती आणि उतारावर जुन्या बागा होत्या. 1990च्या दशकाच्या प्रारंभी, बागा उपटण्याचा मोबदला चालू असतानाच, गिबेर यांनी या संस्थेशी भागीदारी जुळविली. जुन्या वेली राखाव्यात, उत्पादन मर्यादित ठेवावे, द्राक्षे निवडून वेगळी आंबवावीत. आणि जी वाइन होईल ती गासाकच्या नावाने बाटलीत भरून विकली जावी. 'मुलँ' म्हणजे पाणचक्की. इस्टेटीची वायनरी जुन्या पाणचक्कीच्या पायावर उभी आहे, त्यावरून हे नाव. 'गिलेम' या नावात शेजारच्या सें-गिलेम-ल-देझेर या प्राचीन मठाची आठवण आहे. अशा रीतीने गिलेमची बाटली जन्माला आली.

या योजनेचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावयास हवे. ब्रसेल्सने वेल उपटण्यासाठी पैसे देऊ केले असताना एका खाजगी मालकाने वेल राखण्यासाठी बाजार मिळवून दिला. गावातील बागायतदार बागायतदारच राहिले. संस्था मोडली नाही. ग्राहकाला थोड्या पैशांत खरी वस्तू मिळाली. समाजवादी विचाराच्या माणसाने प्रत्येक मालकात शोषकच पाहावा असा दंडक नाही. वस्तुस्थिती पाहावी, एवढाच आहे. आणि वस्तुस्थिती अशी की राज्यसंस्था आणि सहकारी चळवळ या दोघांनाही जे सुचले नाही, ते येथे एका हातमोज्यांच्या कारखानदाराला सुचले. ही कबुली देणे चळवळीला जड जाते, पण न देण्याने काही साधत नाही.

तरीसुद्धा एक मुद्दा उरतोच. जमीन विलवेराकच्या बागायतदारांची, द्राक्षे त्यांची, टाक्या त्यांच्या संस्थेच्या. पण बाजारात जे ओळखले जाते, ज्याच्यामुळे बाटलीला चार पैसे अधिक मिळतात, ते नाव गिबेर कुटुंबाचे. ग्राहक जेव्हा गिलेमला 'मोठ्या घराण्याची धाकटी वाइन' समजून विकत घेतो, तेव्हा गासाकच्या तांबड्या मातीचा आणि या बाटलीचा काही संबंध नाही, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. दोन्ही गावांची माती वेगळी, वेली वेगळ्या, माणसे वेगळी. मारोसाँच्या बागायतदाराने जी गोष्ट व्यापाऱ्याकडून सोडवून घेतली होती, ती म्हणजे पिणाऱ्याशी थेट ओळख, विलवेराकच्या बागायतदाराला पुन्हा दुसऱ्याच्या दारातून घ्यावी लागली. दार भल्या माणसाचे होते, हा त्याच्या नशिबाचा भाग.

नावाचा हा प्रश्न केवळ मानाचा नाही. नाव ज्याचे, सत्याची चाड त्याला. निनावी पुरवठादाराला ती कितपत राहील, याची साक्ष 2010 साली मिळाली. कार्कासोनच्या न्यायालयाने त्या वर्षी बारा जणांना फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. लांगदोकमधून अमेरिकेतील एका बलाढ्य कंपनीला, तिच्या ब्रँडखाली विकण्यासाठी, दोन वर्षांहून अधिक काळ 'पिनो न्वार' म्हणून जी वाइन पाठविली गेली, ती दुसऱ्याच स्वस्त द्राक्षांची होती. या साखळीत व्यापारी होते आणि सहकारी संस्थेची माणसेही होती. 1907 साली ज्यांच्या आज्यांनी भेसळीविरुद्ध गोळ्या खाल्ल्या, त्याच मुलखातून हे घडले. बाटलीवर गावाचे नाव असते, तर गावाने हे इतक्या सहजासहजी होऊ दिले असते काय?

आनियानमधील प्रसिद्ध संघर्षाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातील रॉबर्ट मोंडावी कंपनीने गावाजवळच्या आर्बुसासच्या डोंगरावर, गावच्या सामायिक मालकीच्या जंगलात, सुमारे पन्नास हेक्टर द्राक्षबाग आणि एक मोठी वायनरी उभारण्याचे ठरविले. 2000 साली समाजवादी महापौर आंद्रे रुईझ यांच्या नेतृत्वाखालील नगरपालिकेने त्यास संमती दिली. विरोध कोणी केला? शिकाऱ्यांनी, पर्यावरणवाद्यांनी, आणि सर्वांत मोठ्या आवाजात एमे गिबेर यांनी. मार्च 2001 च्या निवडणुकीत कम्युनिस्ट उमेदवार मान्युएल दियाझ निवडून आले, आणि मे महिन्यात मोंडावी यांनी योजना गुंडाळली. 2004 साली जोनाथन नॉसिटर यांच्या 'मोंदोविनो' या माहितीपटाने या प्रकरणाला जगभर पोहोचविले. त्यात गिबेर हे अमेरिकन भांडवलाशी झुंजणारे वृद्ध शेतकरी म्हणून शोभून दिसतात.

परंतु समाजवादी महापौर परक्या भांडवलाला बोलावतो, कम्युनिस्ट महापौर त्याला परतवतो, आणि जिंकल्याचा मान गावातील सर्वांत श्रीमंत बागमालकाला मिळतो, हे चित्र पाहून कोणत्याही पक्षकार्यकर्त्याने जरा थांबावे. रुईझ यांना खलनायक ठरविणे सोपे आहे. त्यांच्यासमोर उपटलेल्या बागा होत्या, गावात रोजगार नव्हता, आणि मोंडावींच्या नावामुळे आनियानच्या सर्वच वाइनला भाव येईल अशी आशा गावातील काही बागायतदारांनाही वाटत होती. त्यांची चूक एवढीच की सामायिक जंगलाची जमीन आणि तिच्यावरील निर्णय हे एका कंपनीच्या हाती जाणार होते. दियाझ यांनी ती चूक दुरुस्त केली, जंगल वाचले, हे योग्यच झाले. मात्र डोंगर वाचविल्याने बागायतदाराचा भाव वाढत नाही. गावच्या बागायतदारांची स्वतःची संस्था, स्वतःच्या नावाने बाटली भरणारी आणि स्वतः गिऱ्हाईक शोधणारी, बळकट असती, तर मोंडावी हवा की नको हा प्रश्न गावाने एवढ्या अगतिकतेने विचारला नसता. ती बळकट करण्याचे काम कोणत्याच महापौराच्या जाहीरनाम्यात ठळक नव्हते. डाव्यांच्या दोन गटांनी एका भांडवलदाराच्या बाजूने की दुसऱ्याच्या, यावर निवडणूक लढविली, असा कठोर निष्कर्ष काढण्याचा मोह यामुळे होतो. तो पूर्णपणे न्याय्य नाही; पण पूर्णपणे खोटाही नाही.

मोंडावी कंपनीचे पुढे काय झाले, हे आनियानच्या लोकांनी कुतूहलाने पाहिले असेल. 2004 साली ती कॉन्स्टेलेशन या महाकाय मद्यकंपनीने शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. आर्बुसासवर बाग झाली असती, तर तीन-चार वर्षांतच तिची मालकी गावाला न विचारता तिसऱ्याच हाती गेली असती.

आणि सहकारी संस्थेतही सर्वच सभासद नसतात, हेही या निमित्ताने बोलावयास हवे. लांगदोकच्या मळ्यांत तोडणीला दीर्घकाळ स्पेनमधून टोळ्या येत, मागाहून मोरोक्कोतून मजूर आले. आता पुष्कळशी तोडणी यंत्राने होते. उतारावरच्या जुन्या बागेत मात्र यंत्र नीट चालत नाही, तेथे हातानेच घड कापावे लागतात. म्हणजे ज्या बागांमुळे गिलेमला चव आली, त्याच बागांत कमरेत वाकून राबणारा हंगामी मजूर अधिक लागतो. तो संस्थेचा सभासद नाही, इस्टेटीचा भागीदार नाही, आणि वाइनच्या स्वस्ताईविषयी लिहिणाऱ्यांच्या मजकुरात त्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. 1904 चे संप ज्यांनी केले, त्यांचा हा वारस आहे. 1907 च्या भव्य एकीत त्याचा प्रश्न जसा मागे पडला, तसाच तो मोंडावी-गिबेर वादातही पडला.

एमे गिबेर 2016 साली, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी वारले. इस्टेट त्यांच्या मुलांकडे गेली, आणि 'मुलँ द गासाक' हे नावही त्यांच्याचकडे राहिले. ते अजून चांगले चालते. गिलेम घेणाऱ्याने ती खुशाल घ्यावी, तिची किंमत वसूल होते. दुकानदाराला फक्त इतके विचारावे की ही द्राक्षे कोणत्या गावची. बहुतेक ठिकाणी दुकानदार गासाकचा नकाशा काढून दाखवील.